उणे तीन दशांश सेकंद

फडतऱ्यांच्या घरी वैजूआत्याच्या कानामागे 'विराम' चिकटला तो रविवार होता, आणि त्या दिवशी दुपारी घरातली सगळी माणसं चांगली दोन-दोन तास झोपली. त्या घरात असं कित्येक वर्षांत घडलं नव्हतं. एरवी दुपारी दीडच्या सुमाराला आत्याला काही ना काही आठवायचंच. वरच्या मजल्यावरच्या साबळ्यांचा पंखा का कुरकुरतोय, समोरच्या गच्चीवरची लाल साडी तीन दिवस कुणी काढली का नाही, मघाशी पार्सल देऊन गेलेल्या पोराचं लग्न ठरलं की नाही. आठवलं की ती उठायची आणि विचारून यायची. जाताना दार आपटायची आणि आल्यावर सगळ्यांना उठवून सांगायची.

वैजयंती फडतरे ही कस्तुरीच्या बाबांची थोरली बहीण. सव्वीस वर्षं एसटीत कंडक्टर, त्यातली बरीचशी सातारा-पुसेगाव रस्त्यावर. कुणाच्या सुनेला कितवा महिना आहे आणि कुणाची म्हैस आटली आहे, हे तिला तिकीट फाडता फाडता कळत असे. पुढे गाड्या आपल्या आपण चालायला लागल्या, तिकिटं दारातच चेहरा बघून कापली जाऊ लागली, आणि आत्याला मुदतीआधी घरी बसावं लागलं. तेव्हापासून ती धाकट्या भावाकडे राहायची. लग्न तिने केलं नव्हतं. का केलं नाही, हे तिला विचारायची मात्र उभ्या जिल्ह्यात कुणाची छाती नव्हती.

विरामच्या पट्टीचा हट्ट भाचीचा, म्हणजे कस्तुरीचा. कस्तुरी नववीत, चौदा वर्षांची, आणि या वयात आपल्या घरच्यांनी शक्यतो दिसू नये एवढीच माणसाची माफक अपेक्षा असते. डिसेंबरात शाळेच्या स्नेहसंमेलनात तिला नाचात पहिली रांग मिळाली होती. नाच ऐन रंगात आला आणि प्रेक्षकांतून आत्या उठली. सव्वीस वर्षं डिझेलच्या इंजिनावर चढवलेल्या आवाजात म्हणाली, "थांबवा सगळं. वायर जळतीय." झालं. चारशे माणसं बाहेर, नाचणाऱ्या मुली मोरपिसांसकट मैदानात, मुख्याध्यापिका चपलेविना. वीस मिनिटांनी शोध लागला, की वास गेटवरच्या कणीसवाल्याच्या करपलेल्या कणसांचा होता. आत्याने जाऊन त्यालाही कोळसा कमी करायला सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून वर्गात कस्तुरीचं नाव 'धूर' पडलं. ती आत शिरली की मागच्या बाकावरून कुणीतरी खोकायचं.

"आत्याला विराम लावा, नाहीतर मला होस्टेलला टाका," कस्तुरीने घरी रडून सांगितलं. बाबा विचार करू लागले. हेमंत फडतरे कुठल्याही गोष्टीचा फार नीट विचार करत. त्यांचा विचार चालू असतानाच आई औषधांच्या दुकानातून पाकीट घेऊन आली. ती तिथेच फार्मासिस्ट होती. मागची सूचना कुणी वाचायच्या आत आत्याने पट्टी स्वतःच्या हाताने कानामागे दाबून बसवली. "पोरीला त्रास होतोय ना," ती म्हणाली, "मग झालं तर."

आता हा विराम म्हणजे काय ते सांगायला हवं. आपल्यासमोर काही घडतं आणि आपण त्यात हात घालतो, या दोहोंच्या मध्ये मेंदू एक लहानशी सभा भरवतो. कपाळामागे उजव्या अंगाला मेंदूचा एक भाग असतो, त्याचं काम ब्रेक दाबायचं. रस्त्यात कुणी पडलं की पाय उचलायचा हुकूम तयार होतो, पण हा भाग म्हणतो, जरा थांब. दुसरं कुणी जातंय का बघ. आपला काही गैरसमज तर होत नाही ना. लोक काय म्हणतील. ही सभा चारचौघांत साधारण चार सेकंद चालते. तेवढ्यात आपण आजूबाजूला बघतो, आजूबाजूचे आपल्याकडे बघतात, आणि पडलेला माणूस बहुतेक वेळा आपला आपण उठून कपडे झटकतो.

काहींची ही सभा भलतीच लवकर आटपते. असे लोक रागाच्या भरात दुसऱ्याच्या गाडीवर गाडी घालतात, साहेबाला नको ते लिहून पाठवतात. पुण्यातल्या एका कंपनीने त्यांच्यासाठी ही रुपयाएवढी पट्टी काढली. कानामागच्या मज्जातंतूवरून मेंदूतला ब्रेक सैल पडतोय हे तिला कळतं, आणि कळलं की ती त्याच तंतूला बारीक गुरगुर देते. ब्रेक आवळला जातो. दुखत नाही, खुपत नाही, फक्त उचललेला पाय परत जागेवर येतो. म्हटलं तर औषध, म्हटलं तर लगाम. पहिल्या वर्षी ती तापट ड्रायव्हरांनी लावली. दुसऱ्या दिवाळीला लोक ती एकमेकांना भेट द्यायला लागले, सून सासूला आणि सासू सुनेला. फडतरे राहत त्या शाहूपुरीतल्या 'कृष्णकुंज' सोसायटीने तर वार्षिक सभेला सगळ्यांनी विराम लावून बसायचा ठराव केला. ती सभा साडेसहा तास चालली, कारण आधी कुणी बोलायचं हेच कुणी बोलेना.

आत्यावर पट्टीचा गुण पहिल्याच दिवशी आला. ती गॅलरीत बसून राहू लागली. कुणी जिन्यातून गेलं की अर्धी उठायची, कानामागे बोट न्यायची आणि परत बसायची. सोसायटीत आनंदीआनंद झाला. मग एका बुधवारी गच्चीवरची टाकी चार तास वाहिली आणि कुणाला पत्ता लागला नाही. त्याच आठवड्यात सोसायटीचे अध्यक्ष निंबाळकर काका लिफ्टमध्ये चाळीस मिनिटं अडकले. बाहेर आल्यावर त्यांना दिसलं, की आत्या सगळा वेळ लिफ्टसमोर उभी होती. "अहो, एक हाक तरी मारायची कुणाला," काका घाम पुसत म्हणाले. आत्या म्हणाली, "मारणारच होते." तिचा चेहरा इतका ओशाळवाणा झाला होता, की काकांनी सगळा दोष लिफ्टला देऊन टाकला.

कस्तुरीने हे सगळं पाहिलं आणि मनाला लावून घेतलं नाही. वर्गातलं खोकणं कमी झालं होतं, आणि तिला तेवढं पुरे होतं.

जानेवारीत विज्ञानाच्या भोइटे सरांनी नववीला प्रकल्प दिला. विषय, 'हीरो कशाने होतो?' चाळीस मुलांनी लगेच चाळीस चित्रं काढायची तयारी केली. सरांनी सगळी चित्रं अडवली. "वारलेला माणूस चालणार नाही," ते म्हणाले. "ज्याच्या नावाने चौक आहे तोही चालणार नाही. जिवंत माणूस शोधा, घरापासून एक किलोमीटरच्या आत. आणि हीरो आहे म्हणता ना, मग मोजून दाखवा."

मोजायला त्यांनी प्रत्येकाला कानचिमटा दिला. हे यंत्र विरामचं भावंडच, फक्त हे ढवळाढवळ करत नाही, नुसतं ऐकतं. चिमटा माणसाच्या कानाला लावायचा. समोर काही घडलं त्या क्षणी टॅबवरचं बटण दाबायचं. माणसाच्या हातापायांना किंवा जिभेला मेंदूतून हुकूम सुटला की चिमट्याला समजतं. दोन क्षणांमधलं अंतर म्हणजे त्याचा विलंब. कस्तुरीने वहीत व्याख्या लिहिली, 'हीरो म्हणजे जो थांबत नाही', आणि खाली ठळक अक्षरांत, 'ज्याचा विलंब एक सेकंदाच्या आत'. जोडीला तिने मितालीला घेतलं. मिताली तिची पहिलीपासूनची मैत्रीण. धूर हे नाव वर्गात न घेणारी ती एकटीच.

दोघींना वाटलं होतं, की गुपचूप मोजू. पण कृष्णकुंजमध्ये गुपचूप काही होत नाही. संध्याकाळच्या आत बातमी फुटली, की शाळा सोसायटीतला हीरो निवडणार आहे. निंबाळकर काकांनी कमिटी बोलावली. मोजणी मानाप्रमाणे व्हावी असं ठरलं, म्हणजे आधी अध्यक्ष, मग सेक्रेटरी, मग खजिनदार, मग मजल्यांप्रमाणे. शाल आणि नारळ आणून ठेवले. वेळ वाचावा म्हणून फ्लेक्सही छापून घेतला: 'कृष्णकुंजचे हीरो मा. श्री. अरविंदराव निंबाळकर यांचे हार्दिक अभिनंदन'. आकडा लिहायला तेवढी जागा कोरी सोडली.

चार दिवस सोसायटीत मदतीचा कहर झाला. बायकांच्या हातातल्या पिशव्या लोक हिसकावून घेत होते. साबळ्यांच्या सासूबाईंना एकाच सकाळी तिघांनी रस्ता ओलांडून दिला. त्यांना ओलांडायचा नव्हता. मिताली ठरल्याप्रमाणे पार्किंगमध्ये सायकलवरून पडली तेव्हा अध्यक्षांचा विलंब सहा पूर्णांक दोन दशांश सेकंद भरला, आणि त्यातले पाच सेकंद काका आपल्याकडे कोण बघतंय ते बघत होते. सेक्रेटरी पाचवर थांबले. जिममध्ये जाणारा खजिनदारांचा मुलगा चार सेकंदांनी धावला खरा, पण त्याने सायकल उचलली. बाबांचा आकडा अकरा आला. चिमटा बंद पडला असं समजून कस्तुरीने तो दोनदा झटकला होता.

एकूण सोळा जणांत बरा निघाला तो रणजित शेडगे. रणजितदादा डोंगरात अडकलेल्यांना दोर लावून खाली आणणारा, वर्गातल्या निम्म्या मुलींच्या वहीत ज्याचा फोटो होता असा. त्याचा विलंब दोन पूर्णांक चार. "एवढा का?" कस्तुरीने जरा नाराजीनेच विचारलं.

"अगं, मी घाबरतो," रणजितदादा हसून म्हणाला. "म्हणून आधी दोर बघतो. ते दोन सेकंद दोराचे आहेत."

सतरावा नंबर आत्याचा. तिला मोजायचं कस्तुरीच्या मनात नव्हतं. मितालीने आठवण केली, की विराम लावलेलं एक तरी माणूस तक्त्यात हवं. पट्टी लावून पहिली चाचणी झाली. मिताली फडतऱ्यांच्या जिन्यात स्टीलचा डबा सोडून गुडघ्यावर बसली आणि कळवळली. आत्या दारात उभी होती. तिचा पाय उचलला गेला, खाली आला. पुन्हा उचलला, पुन्हा खाली आला. सव्वीस सेकंदांनी ती जागेवरूनच म्हणाली, "मिताली, लागलं का गं?"

मग तुलनेसाठी पट्टी काढली. आत्याने कान चोळला आणि मोठा श्वास घेतला. पंधरा मिनिटांनी मिताली खालून दुसरा डबा घेऊन आली. तिने डबा सोडला, कस्तुरीने बटण दाबलं, आणि बघते तर मिताली पडलेलीच नव्हती. आत्याने तिचा दंड धरला होता. डबा तेवढा गडगडत तळमजल्यावर गेला. टॅबवर आकडा आला, उणे तीन दशांश.

"माझंच बटण उशिरा पडलं," कस्तुरी म्हणाली. पुन्हा घेतलं. बाबांना स्टुलावर चढवून बल्ब बदलायला लावलं आणि खुणेसरशी चक्कर आल्याचं नाटक करायला सांगितलं. ते स्टुलावर चढले तेव्हा आत्या आधीच स्टूल धरून उभी होती. नाटक करायला जागाच उरली नाही, आणि आकडा उणेच आला. तिसऱ्या खेपेला पुन्हा उणे आलं.

"आत्या, तुला आधी कसं कळतं?" मितालीने विचारलं.

"त्यात काय कळायचंय? तू दारातून आलीस तेव्हाच तुझ्या बुटाची नाडी सुटलेली होती. आणि डबा डाव्या हातात. तू उजवखोरी, डाव्या हातात कशाला धरशील? आणि आमचा हेमा पाचवीपासून उंचीवर चढला की पांढरा पडतो." मग तिने मितालीला खाली बसवून नाडी बांधून दिली, आणि डोळे असे का सुजलेत, रात्री जागतेस का, तेही विचारून घेतलं.

दुसऱ्या दिवशी कस्तुरीने भोइटे सरांना गाठलं. "सर, विलंब उणे येऊ शकतो?"

सर खुर्चीत सरळ झाले. "येऊ शकतो. मी पुस्तकात वाचलाय, पाहिला नाही. लोकांना वाटतं, अशा माणसाचा ब्रेक तुटलेला असतो. तसं नसतं. त्याची सभा आधीच उरकलेली असते. जो माणूस दिवसभर दुसऱ्यांकडे नीट बघत असतो, याची तब्येत कशी आहे, त्याचा पाय घसरेल का, त्याला ऐन वेळी ठरवायला काही उरतच नाही. कुणाचा आलाय?"

कस्तुरीच्या डोळ्यांसमोर प्रकल्पांच्या प्रदर्शनाचा दिवस आला. व्यासपीठ, माइक, आणि पट्टी काढलेली आत्या. मागच्या बाकावरून चाळीस जण एकदम खोकतील. "यंत्राची चूक असेल, सर," ती म्हणाली.

घरी आत्याच्या कानामागे पट्टी परत बसली होती. "काय आला गं माझा नंबर?" तिने बऱ्याच वेळाने विचारलं.

"चिमटा बिघडला होता, आत्या. तुझं धरलं नाही."

"असू दे," आत्या म्हणाली आणि ताट घ्यायला उठली.

मिताली दारातच उभी होती, तिने हे ऐकलं. तक्त्यात हीरो म्हणून रणजितदादाचं नाव पडलेलं पाहिलं तेव्हा तिने आपली वही मिटली. "तू आत्याला तोंडावर खोटं सांगितलंस," ती म्हणाली. "प्रकल्प तुझा तू कर." त्या दिवसापासून ती दुसऱ्या बाकावर बसू लागली. कस्तुरी मधल्या सुट्टीत एकटीच डबा उघडायची आणि तसाच बंद करून घरी आणायची.

असे तीन आठवडे गेले. आणि एक विचित्र गोष्ट तिच्या ध्यानात आली. घरात तिला कुणी काही विचारत नव्हतं. आई दुकानातून दमून यायची, तिला डबा भरलेला परत आलाय हे दिसायचं नाही. बाबांना काहीतरी बिनसलंय असं वाटत होतं आणि ते त्यावर नीट विचार करत होते. आत्या स्वयंपाकघराच्या दारात यायची, कस्तुरीकडे बघायची, तोंड उघडायची, हात कानाकडे जायचा, आणि ती गॅलरीत निघून जायची. दिवसातून चार-चार वेळा. हीच शांतता आपण रडून मागून घेतली होती, हे कस्तुरीला पक्कं ठाऊक होतं. त्यामुळे रडायचीही सोय राहिली नव्हती.

फेब्रुवारीच्या शेवटच्या शनिवारी सकाळी शाळेच्या हॉलमध्ये प्रदर्शन भरलं. पालक आले, रणजितदादा आला, आणि निंबाळकर काका शाल, नारळ आणि फ्लेक्स घेऊन पहिल्या रांगेत बसले. सत्कार दुसऱ्याचा झाला तरी आणलेली शाल वाया जाऊ नये, असा त्यांचा विचार होता. आत्या तिसऱ्या रांगेत आईबाबांच्या मध्ये होती. तिच्या मागच्याच रांगेत मिताली.

कस्तुरीने चिमटा आपल्याच कानाला लावला होता, कसा चालतो ते दाखवायला. मागच्या मोठ्या पडद्यावर आकडे उमटत होते. सभा, ब्रेक, चार सेकंद, सगळं तिने न अडखळता सांगितलं. रणजितदादाचं नाव घेतलं तेव्हा टाळ्या पडल्या. तो उठून उभा राहिला आणि लाजला.

भोइटे सर खालून म्हणाले, "छान. एकच प्रश्न. चिमट्यातली सगळी नोंद शाळेच्या संगणकावर आपोआप जाते, हे तुला माहीत आहे ना? त्यात सतरा नंबरचा माणूस आहे. पट्टीविना तीन चाचण्या, तिन्ही उणे. शेडग्यांच्या कितीतरी पुढे. तुझ्या तक्त्यात सोळाच नावं आहेत. सतरा नंबर कोण?" आणि सवयीने त्यांनी हातातल्या टॅबवरचं बटण दाबलं.

पडद्यावर विलंब पळायला लागला. एक. दोन. तीन. हॉलमध्ये आधी कुणाला काही कळलं नाही. मग चार गेले, पाच गेले, सहा पूर्णांक दोन गेले तेव्हा निंबाळकर काका खुर्चीत सावरून बसले. आपल्यापेक्षा मागचं आणखी कुणीतरी निघालं याचा आनंद त्यांना लपवता येईना. अकरा झाले तेव्हा बाबांनी मान खाली घातली. मागे कुणीतरी खोकलं. सगळी शाळा कस्तुरीची सभा बघत होती, आत काय चाललंय ते सोडून सगळं. आत एवढंच चाललं होतं, की नाव घेतलं तर हे लोक उरलेलं वर्षभर हसतील, आणि नाही घेतलं तर मिताली आपल्याशी पुन्हा कधी बोलणार नाही, आणि आत्याला तर ती स्वतः काय आहे ते कधी कळणारच नाही.

तिने तिसऱ्या रांगेकडे पाहिलं. आत्या उठत होती. अर्धी उठली आणि तिचा हात कानामागे गेला. ती बसली. पुन्हा उठली, पुन्हा बसली. पोर वर अडकली आहे एवढंच तिला दिसत होतं. तिचे डोळे भरले होते आणि पाय पुढे पडत नव्हते. आईने तिचा पदर धरून हळूच म्हटलं, "वन्सं, बसा ना." पडद्यावर तीस झाले.

कस्तुरीला आजवर आत्याची लाज वाटली होती, राग आला होता, हसू आलं होतं. तिची दया कधी आली नव्हती. ती आता आली, आणि पाठोपाठ स्वतःचा असा संताप आला, की एक्केचाळिसाव्या सेकंदाला ती व्यासपीठावरून उतरली ती पायऱ्या सोडून, सरळ उडी टाकून. माइक तिच्या हातातच राहिला. लोकांच्या गुडघ्यांवर पाय देत ती तिसऱ्या रांगेत शिरली आणि आत्याच्या कानामागची पट्टी तिने नखाने ओढून काढली.

"सतरा नंबर," ती म्हणाली. "वैजयंती फडतरे. माझी आत्या."

पडद्यावर तिचा आकडा गोठला होता. साऱ्या शाळेत तो सगळ्यात मोठा होता. कुणी टाळी वाजवायची की नाही, याचा हॉल अजून विचार करत होता, आणि तेवढ्यात आत्याचा आवाज सुटला. दोन महिने कोंडून ठेवलेला, माइकची गरज नसलेला.

"तीन आठवडे डबा तसाच परत येतोय. का? आणि ही मिताली आपल्याकडे का येत नाही? रोज उठतेय विचारायला. काय झालंय तुला?"

हे चारशे माणसांसमोर. दोन महिन्यांपूर्वी कस्तुरीने धरणीमातेकडे जागा मागितली असती. आता मात्र तिला हमसून रडू आलं. माइक तोंडाशीच होता, त्यामुळे ते रडणं गेटवरच्या कणीसवाल्यापर्यंत गेलं.

"मी तुला खोटं सांगितलं, आत्या. चिमटा बिघडला नव्हता. तुझा नंबर पहिला आला होता. मला तुझी लाज वाटली. म्हणून मिताली बोलत नाही, आणि तिचं बरोबर आहे."

भोइटे सरांनी टॅब खिशात घातला. निंबाळकर काका शालीची घडी उलगडावी की काय या विचारात अर्धवट उभे राहिले होते. आत्याने कस्तुरीच्या हातातला माइक काढून घेऊन बाबांच्या मांडीवर ठेवला, पदराने तिचं नाक पुसलं, आणि मागच्या रांगेकडे वळली.

"मिताली, सरक जरा आत," ती म्हणाली. "हिला बसू दे."

मितालीने एकदा आत्याकडे पाहिलं, एकदा कस्तुरीकडे, आणि ती सरकली.